बस थांब्याची उंची नेमकी किती मागावी? (नाशिक, सिटी बस, ज्येष्ठ व व्हीलचेअर)

पांडवलेणी_पायथा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे पाथर्डी फाट्याच्या बाजूच्या तीन थांब्यांसाठी अर्ज द्यायचा आहे. सिंहस्थाच्या नावाखाली रस्ते, गटारी, फुटपाथ सगळंच उकरलं जातंय. आत्ता मागितलं नाही तर पुढं कितीतरी वर्षं कोणी हात लावणार नाही. अर्जात 'थांबे सुलभ करावेत' एवढंच लिहिलं तर एक स्टीलचं बाकडं, चार पिवळ्या फरशा टाकून फोटो काढतील आणि मोकळे होतील. म्हणून मापं हवीत.

संघात गुडघ्यांची तक्रार असलेले बरेच, वॉकरवाले दोघं, व्हीलचेअरवर एक आणि पूर्ण अंध एक सदस्य आहेत. वाद असा पडलाय: एक गट म्हणतो फुटपाथ बसच्या पायरीएवढा, म्हणजे ३०० मिमी उंच करून घ्या. दुसरा म्हणतो अजिबात उंच नको, रस्त्याच्या पातळीला सपाट ठेवा, व्हीलचेअरला तेच बरं. तिसऱ्यांचं म्हणणं, लो-फ्लोअर बसमध्ये रॅम्प असतोच, थांब्याची भानगड कशाला? कोण बरोबर?

---

चासी_आणि_पाटे

तिघंही चूक. १५० मिमी मागा, फार तर १८०. का, ते आकड्यात बघा.

आपल्याकडं शहरी बसची फरशी तीन उंचीची असते: ४०० मिमी (लो-फ्लोअर), ६५० (सेमी-लो) आणि ९००. एसटीची लाल बस याहूनही उंच, तिचा विषय वेगळा.

आधी ९०० वाली घ्या, कारण गुडघेदुखीवाल्यांचा सामना तिच्याशीच जास्त होतो. जमिनीपासून पहिली पायरी ४०० च्या आसपास, मग आत २५०-२५० च्या दोन. घरातली पायरी १५० ते १७० ची असते, म्हणजे पहिल्याच पावलाला घरच्या दोन पायऱ्यांहून जास्त उचल. आता पायाखाली १५० चा फुटपाथ आला की ४०० चे २५० होतात आणि तिन्ही पायऱ्या सारख्या पडतात. बसमध्ये एक रुपयाचाही बदल न करता. सपाट थांबा मागणाऱ्या मंडळींना हे आधी दाखवा.

आता लो-फ्लोअर. फरशी ४००. बस एअर सस्पेन्शनची (चाकांवर हवेचे फुगे) असेल आणि ड्रायव्हरनं फुग्यातली हवा सोडून दरवाज्याची बाजू खाली घेतली तर साधारण ६०-८० मिमी उतरते. ७० धरू. राहिले ३३०. दरवाज्यातला उलटणारा रॅम्प साधारण ९०० लांब असतो.

थांबा सपाट असेल तर चढ ३३० भागिले ९००, म्हणजे १:२.७. माणूस ७० किलो आणि खुर्ची १८ किलो धरली तर ढकलायला सुमारे ३० किलोचा जोर लागतो, आणि तोही वाकून. एकट्या कंडक्टरचं काम नाही. खुर्ची मागं उलटायचा धोका आहे तो वेगळाच.

१५० चा फुटपाथ असेल तर चढ १८० भागिले ९००, म्हणजे १:५. जोर १७ किलो. धडधाकट माणूस ढकलतो. फुटपाथ १८० असेल तर १:६. बस खाली घेतलीच नाही तर १५० च्या फुटपाथावरही १:३.६ होतो, म्हणजे ड्रायव्हरनं ते बटण दाबणं हा अर्धा खेळ आहे. पाट्यांची, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची बस खाली बसतच नाही, तिथं बटण शोधू नका.

मग ३०० का नको? कारण थांब्यात शिरताना बसचं पुढचं नाक फुटपाथावरून फिरून येतं. कर्ब, म्हणजे फुटपाथाची कड, २०० च्या वर गेला की बंपर आणि स्कर्ट (बाजूचा खालचा पत्रा) घासतं, बाहेर उघडणारा दरवाजा फुटपाथावर आपटतो. एकदा पत्रा फाटला की ड्रायव्हर पुढच्या फेरीपासून चार फूट लांब उभी करतो, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

---

लेव्हलवाला

वरच्या आकड्यांशी सहमत. पण १५० लिहून देताना 'कशापासून १५०' ते लिहा, नाहीतर फसाल. 'पूर्ण झालेल्या डांबरी पृष्ठभागापासून, कर्बच्या कडेला मोजून' असं लिहा.

कारण सांगतो. कर्बस्टोन बसवताना १५० च असतो. मग रस्त्यावर कार्पेटचा, म्हणजे डांबराचा थर पडतो, ३० ते ५० मिमी. दोन-तीन वर्षांनी परत एक. जुना थर खरवडून काढायचा असतो, त्याला मिलिंग म्हणतात. ते टेंडरमध्ये नसेल तर थरावर थर बसतो आणि तिसऱ्या कार्पेटला १५० चा कर्ब ३०-४० वर येतो. शहरातले जुने फुटपाथ बुटके दिसतात त्याचं हेच कारण. फुटपाथ खचलेला नसतो, रस्ता वर आलेला असतो. सिंहस्थाच्या कामांत रस्त्यांवर पुन्हा थर पडणारच. त्यामुळं 'थांब्यासमोरच्या पट्ट्यात मिलिंग केल्याशिवाय नवा थर टाकू नये' हे वाक्य अर्जात हवंच.

बाकीची मापं:

उंच भाग सलग सरळ रेषेत किमान १२ मीटर. पुढचा आणि मधला, दोन्ही दरवाजे त्याच्या समोर आले पाहिजेत. तीन मीटरचा ओटा बांधून देतात, मग बसचा दरवाजा ओट्याच्या पुढं किंवा मागं उघडतो.

उंच भागावर चढायला उतार १:१२. म्हणजे १५० साठी १८०० मिमी लांब. फुटपाथ जेमतेम दीड-दोन मीटर रुंद असेल तर हा उतार रस्त्याच्या दिशेनं काढू नका, सगळी रुंदी त्यातच जाते. ओट्याच्या दोन्ही टोकांना, फुटपाथाच्या लांबीच्या दिशेनं काढायला सांगा. उतार जिथं जमिनीला मिळतो तिथं ओठ राहू देऊ नका. २० मिमीचा ओठ म्हणजे पुढच्या छोट्या चाकाला भिंत.

आडवा उतार, पाणी जायला, १:५० पेक्षा जास्त नको. जास्त झाला की ब्रेक सोडताच खुर्ची आपोआप रस्त्याकडं सरकते. आणि हो, ओटा उंच केल्यावर मागच्या दुकानांचं पाणी कुठं जाणार ते आधी ठरवा. पहिल्या पावसात दुकानात पाणी शिरलं की दुसऱ्या दिवशी पहार घेऊन ओटा फोडलेला दिसेल.

गटाराची जाळी दरवाज्यासमोर नको. असलीच तर पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या आणि फट १२ मिमीच्या आत. काठीचं टोक अडकतं ते उभ्या पट्ट्यांच्या फटीत.

दुचाकी चढू नये म्हणून खांब रोवतात. दोन खांबांतलं अंतर १००० ते १२०० ठेवा. ६०० ठेवलं तर स्कूटी तरीही जाते, व्हीलचेअर मात्र अडते.

---

पांडवलेणी_पायथा

दोघांचे आभार. १५० चं गणित संघाच्या बैठकीत फळ्यावर मांडतो. पण बस फुटपाथाला लागतच नाही. तीन-चार फूट सोडून उभी राहते, लोक रस्त्यावर उतरून चढतात. मग ओटा बांधून उपयोग काय?

---

चासी_आणि_पाटे

हाच खरा प्रश्न. ओटा आणि बस यांच्यातली फट किती चालते ते आधी ठरवा. वॉकर आणि काठीवाल्यांना १०० मिमीच्या वर फट गेली की पाऊल चुकतं. रॅम्पला मात्र ५००-६०० पर्यंत चालतं, कारण रॅम्पची पाटी पुढं ओट्यावर टेकते. त्याहून लांब गेलं की पाटी ओट्यावर न टेकता रस्त्यावर पडते आणि गणित पुन्हा १:२.७ वर. म्हणजे फटीचा पहिला फटका खुर्चीला नाही, गुडघेवाल्यांना बसतो.

बस लांब का उभी राहते याची कारणं ड्रायव्हरच्या स्वभावात शोधू नका, जागेवर शोधा:

थांब्याच्या आधी उभ्या रिक्षा आणि दुचाकी. १२ मीटरच्या बसला फुटपाथाशी समांतर व्हायला आधी १५-२० मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर नाक आत, शेपूट बाहेर. पुढच्या दरवाज्याला फट कमी आणि मधल्याला मीटरभर, असं दिसलं की समजा हेच कारण.

कर्बलगतचा खचलेला गटाराचा चेंबर. ड्रायव्हर तो टाळतो, रोज, डोळे मिटून. चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीला आणलं की बस आपोआप आत येते.

झाडाची फांदी किंवा फलकाचा कोपरा. डावा आरसा आणि छताची कड वाचवायला बस बाहेर राहते. तीन मीटरच्या वर काय आहे तेही बघा, सगळे खालीच बघतात.

कर्बची धारदार कड. टायरची बाजू कापली जाते. कड गोलसर किंवा तिरपी करून घ्या, मग ड्रायव्हर चाक टेकवायला घाबरत नाही.

माझं स्पष्ट मत: बस बे, म्हणजे फुटपाथ कापून आत घेतलेला खिसा, मागू नका. दिसायला छान, पण तो आठवड्यात रिक्षा स्टँड होतो, आणि बसला तिरकं शिरून तिरकंच बाहेर पडावं लागतं. उलट करा. फुटपाथच पार्किंगच्या पट्ट्याएवढा रस्त्याकडं पुढं आणा. बस सरळ येते, सरळ थांबते, आणि पुढं आलेल्या जागेत खुर्ची वळवायला दीड मीटरही मिळतो.

---

वॉकर_आणि_काठी

निवारा शेडबद्दल कोणी बोललं नाही. बाकड्याची बैठक ४५० ते ४७० मिमी, सपाट, आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडा. सध्या लावतात ते दोन-तीन गोल पाइपांचं उतरतं बाकडं म्हणजे बसू नये म्हणूनच बनवल्यासारखं. गुडघ्यात ताकद कमी असेल तर हातावर जोर देऊनच उठता येतं, आणि दांडा नसेल तर माणूस उभाच राहतो, बस येईपर्यंत. बाकड्याशेजारी ९०० बाय १३०० ची मोकळी जागा खुर्चीसाठी, शेडच्या सावलीत. शेडचे पुढचे खांब आणि कर्ब यांच्यामध्ये किमान १२०० मोकळे.

चढण्या-उतरण्याची पद्धत संघात एकदा करून दाखवा, हे बांधकामापेक्षा लवकर होतं. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना उलट: काठी, दुखरा पाय, मग चांगला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दरवाज्याचा दांडा मोकळ्या हातानं खांद्याच्या उंचीला धरा. वर हात ताणून धरला तर बस हलली की शरीर गोल फिरतं. वॉकर माणसाच्या आधी नाही, नंतर चढतो. कोणाच्या तरी हातात द्या, स्वतः दोन्ही हात दांड्यांना.

व्हीलचेअरसाठी: रॅम्पवर तोंड बसकडं करून चढवा, उतरवताना पाठ रस्त्याकडं, ढकलणारा खाली उभा. सरळ तोंडानं उतरवलं तर माणूस पुढं घसरतो. आत गेल्यावर पट्टा आधी, ब्रेक नंतर असं नको. आधी दोन्ही चाकांचे ब्रेक, मग पट्टा. नुसत्या ब्रेकवर विश्वास ठेवू नका, गुळगुळीत मॅटवर ब्रेक लावलेली खुर्चीही सरकते.

अंध सदस्यासाठी: रेषांच्या फरशीचा अर्थ 'चालत रहा', ठिपक्यांच्या फरशीचा 'थांबा'. पुढच्या दरवाज्यासमोर ठिपक्यांचा चौकोन असावा आणि रेषांची पट्टी खांब, विजेची डीपी (पेटी), झाडाच्या कट्ट्यापासून ६०० मिमी दूर. बऱ्याच ठिकाणी गवंडी नक्षी समजून दोन्ही मिसळून टाकतो. ठिपके संपूर्ण फुटपाथभर टाकले तर त्यांना काही अर्थच राहत नाही. फरशी चकचकीत नको, पावसात साबण होते.

---

अंबड_शिफ्ट

लो-फ्लोअर मागताय, पण आपल्या स्पीडब्रेकरांवर ती टिकणार आहे का? पोट घासणार.

---

चासी_आणि_पाटे

रास्त शंका, पण दोष बसचा नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १०० मिमी उंच असतो. त्याच्यावरून लो-फ्लोअर हळू नेली तर घासत नाही. घासते ती गल्लीतल्या उत्साही लोकांनी रात्रीत ओतलेल्या, दीड फूट रुंद आणि सहा इंच उंच उंचवट्यावर. मार्गावरचे गतिरोधक मोजून तीच यादी अर्जाला जोडा.

आणि रॅम्प असूनही चालत नाही, याची कारणं बहुतेक वेळा फुटकळ असतात. रॅम्प फरशीत बसवलेली पाटी असते, दाराकडं बिजागरी आणि उचलायला पट्टा किंवा हूक. पट्टा तुटतो, हूक हरवतो. बिजागरीच्या खोबणीत माती बसते, पावसाळ्यात ती गंजून धरते. कधी कधी डेपोत नवी रबर मॅट चिकटवताना पाटीवरूनच चिकटवून टाकतात. इलाज: आठवड्यातून एकदा धुण्याच्या वेळी पाटी उघडून ब्रश मारणं, हवेनं खोबण साफ करणं, बिजागरीला सिलिकॉन ग्रीस. साधं ऑइल नको, धूळ धरतं. दहा मिनिटांचं काम आहे. 'रॅम्प उघडून तपासला' असा रकाना डेपोच्या रोजच्या तपासणी पत्रकात घाला, एवढी मागणी करा.

---

कलम_४१

अर्ज कोणाला, ते सांगतो. इथंच बहुतेक अर्ज मरतात.

बस सिटीलिंकची. ती नाशिक महानगर परिवहन महामंडळाची सेवा, जुलै २०२१ पासून. फुटपाथ आणि ओटा मनपाच्या बांधकाम विभागाचा. फांदी उद्यान विभागाची. समोर उभ्या रिक्षा वाहतूक पोलिसांच्या. एकाच अर्जात सगळं लिहिलंत तर प्रत्येक जण बाकीच्यांकडं बोट दाखवेल. चार वेगळी पत्रं करा, प्रत्येकात फक्त त्याच्या हातातलं काम, आणि प्रत इतरांना. आणि थांबा मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर असेल तर मनपाच्या आधी महामार्ग प्राधिकरणाकडं जावं लागेल. पाथर्डी फाट्याजवळ हे नक्की तपासा. मनपाचा अर्ज सहापैकी आपल्या विभागीय कार्यालयात आणि प्रत राजीव गांधी भवनात, म्हणजे मनपाच्या मुख्यालयात. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कायदा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४१. बस थांबे, स्थानकं, वाहनं सगळं त्यात येतं. बसच्या आतल्या सोयींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतली २७ डिसेंबर २०१९ ची दुरुस्ती, १ मार्च २०२० पासून लागू: राखीव आसनं, त्याजवळ दांडे, काठी-वॉकर ठेवायची सोय, व्हीलचेअर चढवायची, ठेवायची आणि अडकवायची व्यवस्था.

एक बारीक गोष्ट. बरेच जण या दिव्यांग कायद्याखालच्या नियम १५ चा दाखला देतात. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात बंधनकारक काहीच नव्हतं, नुसत्या शिफारशी होत्या. केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितलं. तेव्हा नियम १५ वर अर्ज उभा करू नका. कलम ४१ लिहा आणि मापं स्वतःची द्या. १:१२ हे माप केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे, तेवढा उल्लेख पुरे.

पैसे नाहीत असं उत्तर येईल. तेव्हा दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. त्याच अर्जात थांब्याच्या कामाचा नकाशा आणि मिलिंगचा मुद्दा टेंडरमध्ये आहे की नाही, तेही मागा. तरीही हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार.

---

नाशिकरोड_फलाट

थोडं अवांतर, पण संघात हमखास गोंधळ होतो. ७५ वर्षांवरच्यांना मोफत (ऑगस्ट २०२२ पासून) आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, हे एसटीचं आहे. सिटीलिंकमध्ये ते दाखवून भांडू नका, कंडक्टरचा काही दोष नाही. एसटीत ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही अर्धं.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६०, महिला ४५ वर्षांपासून. दिव्यांग सवलत चालू आहे, त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र लागतं. फलाट ७६० ते ८४० मिमी, डब्याची फरशी १३०० च्या आसपास, म्हणजे फलाटावरूनही अर्धा मीटर चढ. खुर्ची डब्यात न्यायची तर सुटा रॅम्प किंवा दोन माणसं लागतातच. दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला, गार्डच्या डब्याला जोडून असतो. स्टेशनवर आधी पोचून उप-स्टेशन अधीक्षकांकडं खुर्ची मागा आणि डबा कुठं येणार ते विचारून घ्या. गाडी आल्यावर पळापळ करून जमत नाही. चौकशी १३९ वर.

---

पांडवलेणी_पायथा

चार पत्रांची कल्पना पटली. रविवारी आम्ही पाचजण मापं घ्यायला जातोय. काय काय सोबत घ्यावं? आणि फट कशी मोजायची, बस तर अर्ध्या मिनिटात निघून जाते.

---

लेव्हलवाला

पाच मीटरची टेप, खडू, गवंड्याची लेव्हल पट्टी, मोबाइल. उतार मोजायला एक मीटरची पट्टी उताराच्या वरच्या टोकाला टेकवून आडवी धरा, लेव्हल आली की पट्टीचं दुसरं टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. ८३ मिमीपर्यंत आलं तर १:१२ मध्ये आहे. सव्वाशे आलं तर १:८.

फट टेपनं मोजायला बसच्या जवळ जाऊच नका. आधी कर्बपासून रस्त्यावर दर १०० मिमीला खडूच्या रेघा मारा, १२०० पर्यंत. बस थांबली की बाजूला उभं राहून पुढचं चाक कोणत्या रेघेवर आहे त्याचा फोटो. मागच्या चाकाचाही एक. एका थांब्यावर किमान वीस बसेस, सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या लिहा, कारण संध्याकाळी रिक्षा उभ्या असतात. रविवारी जाऊ नका. रविवारी रस्ता मोकळा असतो, सगळ्या बसेस फुटपाथाला लागलेल्या दिसतील आणि तुमचाच तक्ता तुमच्या विरोधात जाईल. मंगळवार-बुधवार बघा.

---

चासी_आणि_पाटे

पहिल्या पायरीची उंची बस रिकामी असताना आणि भरलेली असताना अशी दोनदा घ्या, विशेषतः पाट्यांच्या बसची. भरली की पाटे दबतात, पायरी बरीच खाली येते. अर्जात रिकाम्या बसचा आकडा लिहा. निमाणीसारख्या जिथून फेरी सुटते त्या ठिकाणी बस उभी असते, तिथं ड्रायव्हरला विचारून निवांत मोजता येईल.